देवबागचा होमस्टे: दोन रात्रींचा अनुभव

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथे कोण काय बांधतं यावर शेजारच्याचं घर, विहीर, वाट सगळं अवलंबून. म्हणून खोली ठरवण्याआधी मी घर बघतो.

हे एका गाबीत, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, कुटुंबाचं राहतं चिरेबंदी घर. कौलं, पडवी, तुळस जशीच्या तशी. फक्त मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना. 2019 च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या स्थानिकांना नेमकी एवढीच मुभा दिली आहे: जोत्याचं क्षेत्रफळ, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता राहत्या घरात होमस्टे. घरच्या काकींना हे तोंडपाठ आहे. मजला चढवा म्हणणारे बरेच येऊन गेले, त्यांनी ऐकलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

जेवण चुलीजवळ बसून. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळाचा वास, गरम भात, वर सोलकढी. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी. असं तिखलं मी मालवणच्या बाजारातसुद्धा खाल्लेलं नाही.

न्हाणीघर बाहेर आहे आणि तिथला दिवा मंद; म्हाताऱ्या माणसांना रात्री त्रास होईल. हे मी काकींना सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

गाडी मात्र अंगणातच लावायची. काकी पहिल्यांदा तेच सांगतात, कारण समोरची पायवाट शेजाऱ्यांची आहे आणि सकाळी जाळी तिथूनच जातात.