फॉकच्या वाटेवर: फोनवरचे चित्रीकरण की खिशातला रेकॉर्डर?

कॅलिफोर्नियात युरेकाजवळच्या हेडवॉटर्स राखीव वनात एल्क नदीच्या काठाने जाणारी वाट फॉक या नाहीशा झालेल्या गावातून जाते. १८८४ मध्ये रेडवुड कापणाऱ्या गिरणीभोवती वसलेल्या आणि भरभराटीच्या काळात सुमारे चारशे वस्तीच्या या गावात शाळा, टपाल कार्यालय, कामगारांची खानावळ असे सारे होते. १९३७ मध्ये गिरणी बंद पडली आणि १९७९ साली तेव्हाच्या मालकांनी उरलीसुरली घरेही पाडून टाकली. गावाच्या जागेवर आज झाडीच आहे. जुने इंजिनघर तेवढे हलवून वाटेवर पुन्हा उभारलेले आहे. बाकीचे गाव फलकांवरच्या छायाचित्रांतून ओळखावे लागते. सुरुवातीचा सुमारे एक मैल डांबरी असल्याने वयस्क आई-वडिलांना नेण्यास अडचण येत नाही.

अशा ठिकाणी कुटुंबाची आठवण फोनवर चित्रित करावी की छोटा व्हॉइस रेकॉर्डर खिशात ठेवून फक्त आवाज टिपावा, हा प्रश्न मला दोन फेऱ्यांत सोडवावा लागला. पहिल्या फेरीत फोन होता, दुसऱ्या फेरीत रेकॉर्डर.

फोनची बाजू अर्थातच भक्कम आहे. इंजिनघराकडे पळत सुटलेली आठ वर्षांची मुलगी आणि धुक्यात कानटोपी घातलेली आई ही दृश्ये आवाजात उतरत नाहीत. मूल अजून दुडुदुडु चालत असेल, तर मी कोणालाही चित्रीकरणच सुचवीन.

माझी अडचण मात्र वेगळीच निघाली. माझे वडील बल्लारशाहच्या सरकारी लाकूड डेपोत कारकून होते. एका अजस्र खोडापाशी थांबून, वाकड्या सागाच्या लठ्ठ्याची गोलाई मोजताना फीत कुठे धरायची आणि लिलावाआधी व्यापारी लॉटभोवती कसे घुटमळत, हे ते नातीला रंगून सांगत होते. मी फोन उचलला. त्यांनी तत्काळ कॉलर नीट केली, खाकरले आणि "तर आपणा सर्वांना माहीतच आहे" असे म्हणून निरोपसमारंभातल्यासारखे भाषण सुरू केले. नात केव्हाच पुढे निघून गेली होती. त्या दिवसाचे चौदा मिनिटांचे चित्रीकरण माझ्याकडे आहे, त्यात वडील स्पष्ट दिसतात, आणि गोलाईची गोष्ट मात्र कुठेच नाही. फोन खाली केला की ते पुन्हा बोलू लागत, वर केला की पुन्हा थबकत. हा खेळ दिवसभर चालला. कदाचित हा आमच्याच घरचा स्वभाव असेल, पण निर्णय माझ्यापुरता तिथेच झाला.

दुसऱ्या वेळी रेकॉर्डर त्यांना विचारूनच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि अर्ध्या तासात ते तो विसरले. त्याचेही दोष आहेत. वाऱ्याची घरघर ऐकू येते, आणि प्रत्येकजण "हे बघ, हे बघ" म्हणतो, पण काय बघायचे ते घरी ऐकताना कळत नाही. म्हणून "हे" म्हणजे काय ते मी तिथल्या तिथे मोठ्याने बोलू लागलो, जे थोडे हास्यास्पद वाटते. परंतु त्यातच खानावळीच्या छायाचित्रापुढे उभ्या आईचा "एवढ्या माणसांच्या भाकऱ्या कोण थापत असेल?" हा प्रश्नही सापडला. तो चित्रित करण्याचे मला कधीच सुचले नसते. परतीच्या सहा तासांच्या प्रवासात आम्ही सर्वांनी ते ध्वनिमुद्रण ऐकले. फोनवरचे ते चित्रीकरण मात्र आजवर कोणी पूर्ण पाहिलेले नाही.

तेव्हा दोन्ही जमत असतील तर चार छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण एकच निवडायचे झाले तर माझा कल रेकॉर्डरकडे आहे. पुढच्या वेळी तो आईच्या पिशवीत ठेवणार आहे, कारण वडिलांच्या आवाजाआड तिची निम्मी वाक्ये बुजून गेली आहेत.