डाफ-डाझ मास्टर्स, तिसऱ्या सेमिस्टरमधून: फी नाही, पण लॅमिनेटर लागतो

लॅमिनेशनच्या प्लास्टिकचे पैसे कुणी देत नाही. जर्मनीतल्या डाफ-डाझ, म्हणजे परकी आणि दुसरी भाषा म्हणून जर्मन शिकवण्याच्या, मास्टर्सच्या कुठल्याच माहितीपत्रकात हे छापलेलं नसतं, म्हणून आधी तेच. परवाच्या पाठासाठी प्रत्येक जोडीला एक संच याप्रमाणे कार्डं छापली, कापली, लॅमिनेट केली, पुन्हा कापली. माझं प्राक्टिकुम, म्हणजे अभ्यासक्रमातली शिकवण्याची उमेदवारी, जिथे चालू आहे त्या भाषाशाळेत बिल दाखवलं, तर म्हणे साहित्य ज्याचं त्याने आणायचं. प्राक्टिकुम बिनपगारी, वर प्लास्टिकही आमचंच! युरोला रुपयांत गुणायची खोड अजून गेलेली नाही, त्यामुळे हे जास्तच लागतं.

चार सेमिस्टर, १२० क्रेडिट, जर्मनचा दाखला वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत सेमिस्टरची वर्गणी भरली की झालं. तिथे तक्रारीला जागा नाही.

पहिलं सेमिस्टर मात्र डोक्यात गेलं होतं. पुण्यात ए१च्या, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, बॅचेस घेऊन आलेली मी, आणि इथे माणूस दुसरी भाषा आत्मसात कशी करतो याच्या सिद्धांतांवर सिद्धांत, उच्चारशास्त्र आणि तो पाठाचा तक्ता. वेळ, उद्दिष्ट, कृती, सोत्सियालफॉर्म, साधनं. सोत्सियालफॉर्मच्या रकान्यात लिहायचं की हे काम एकट्याने, जोडीत, गटात की सगळ्या वर्गाने मिळून. पाच मिनिटांच्या कामापुढेही 'उद्दिष्ट काय?' असा शेरा यायचा. फळा-खडूवर वाढलेल्या माणसाला हे सगळं कारकुनी वाटतं.

स्थलांतरितांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये मागच्या बाकावर बसायला लागले आणि मत बदललं. हे कोर्स २००५पासून चालू आहेत. साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख. पुण्यातला वर्ग इंग्रजी येणारा, बी१ पातळी काढून विमान पकडायच्या तयारीतला. इथल्या साक्षरतेच्या, म्हणजे अल्फा वर्गात साठीकडे झुकलेल्या एक बाई रेघेवर अक्षर बसवायला शिकत होत्या. 'फ्युन्फ' म्हणताना त्यांचा दर वेळी 'फुन्फ' व्हायचा. शिक्षिकेने त्यांना लांब 'ई' म्हणायला लावलं आणि आवाज न थांबवता फक्त ओठ शिट्टीसारखे करायला सांगितले. जीभ 'ई'च्याच जागी, ओठ 'ऊ'चे. दोन-तीनदा हसून झालं आणि मग आला बरोबर उच्चार. उच्चारशास्त्राच्या तासाला मी हेच आरशासमोर कंटाळत केलं होतं.

त्या वर्गात कार्डांचंही कारण कळलं. भरलेलं पान पुढे आलं की काहीजण गप्प होतात. तीच वाक्यं तुकड्यांत दिली की हात पुढे येतात. कोण दोन मिनिटांत मोकळा होतो, कोणाला दहाही पुरत नाहीत, म्हणून तो एकट्याने-जोडीत-गटातचा रकानाही लागतो. तेव्हा कार्डांना पूर्ण गुण. (८० मायक्रॉनचे पाउच पुरतात, १२५चे घेऊ नका. कोपरे गोल कापा, टोचतात.) पण पगारी शिक्षकांच्या कपाटात वर्षानुवर्षांचे संच पडून असताना दर नव्या प्राक्टिकांटने तीच कार्डं पदरच्या पैशाने का कापावीत, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

हे मास्टर्स घ्यावं का? जर्मनीतच शिकवायचं असेल तर घ्या. या पदवीवर इंटिग्रेशन कोर्स शिकवायची बाम्फची, म्हणजे स्थलांतर आणि निर्वासितांसाठीच्या फेडरल कार्यालयाची, परवानगी मिळते, वेगळं प्रशिक्षण लागत नाही. पगाराच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. बरेच शिक्षक तासावर मानधन घेतात, विमा-पेन्शन स्वतः भरतात. २०२२मध्ये फेडरल सामाजिक न्यायालयाने हेरेनबेर्गच्या मानधनावरच्या एका संगीतशिक्षिकेला नोकरदार ठरवलं, तेव्हापासून भाषाशाळांचे असले करारही वादात आहेत.

आणि परत येऊन पुण्यात ए१च्याच बॅचेस घ्यायच्या असतील तर व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो अडकवायची गरज नाही. गोएथे-इन्स्टिट्यूटचं डीएलएल (डॉइच लेरेन लेर्नेन) हे शिक्षक-प्रशिक्षण करा. शिकवता शिकवता होतं.