एलईडी दिवा आणि झाकणाचा ट्रे: कीटकभक्षी रोपं बियांपासून वाढवतानाचा अनुभव

दिव्याला पैकीच्या पैकी गुण, झाकणाला निम्मे. काही महिने ड्रॉसेरा केपेन्सिस (पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक पकडणारं रोप) आणि व्हीनस फ्लायट्रॅपची (मिटणाऱ्या सापळ्यासारख्या पानांचं रोप) रोपं घरातच बियांपासून वाढवल्यावर या संचाबद्दल माझं हे मत झालंय. संचात पांढऱ्या उजेडाची एलईडी पट्टी, टायमर, ट्रे, पारदर्शक झाकण आणि मातीच्या मिश्रणाची पिशवी येते. त्या पिशवीवर ‘खतयुक्त’ लिहिलंय. या रोपांसाठी ती उघडूच नका. त्यांची मुळं खत सहन करत नाहीत. मी खत नसलेलं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं मॉस) आणि धुतलेलं पर्लाइट (पांढरे, हलके खडे) समप्रमाणात घेऊन मिश्रण केलं.

ड्रॉसेराचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते वरच भुरभुरायचं, मातीखाली दाबायचं नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. पट्टी वीतभर उंचीवर आणि टायमर १४ तासांवर ठेवला. साधारण दोन ते चार आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. पहिलं खरं पान टाचणीच्या डोक्याएवढंही नसतं, पण भिंगातून पाहिलं तर त्यावरच्या मोजक्या तांबूस केसांच्या टोकाला एकेक चिकट थेंब लुकलुकत असतो. काय बिघडलंय ते या थेंबांवरून बरंचसं कळतं. थेंब नाहीत आणि पान लांबुडकं, फिकट, तर उजेड कमी पडतोय. रंग चांगला पण थेंब नाहीत, तर हवा कोरडी असेल किंवा रोप नुकतंच हलवलेलं असेल. तेव्हा थोडे दिवस हात न लावणं बरं.

आता झाकण. बी रुजेपर्यंत ते फार उपयोगी आहे, ओलावा टिकतो. पण त्याचे झरोके इतके छोटे आहेत की आतली हवा हलतच नाही. मग आधी मिश्रणावर पांढरी, कापसासारखी बुरशी येते आणि पाठोपाठ रोपं बुडाशी मऊ पडून कोलमडतात. कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यामुळे बुरशी दिसल्यावर उपाय शोधत बसण्यात अर्थ नाही. रोपं दिसू लागली की झाकण रोज थोडं जास्त सरकवत न्यायचं आणि आठवडाभरात पूर्ण काढायचं. एकदम काढलं तर रोपं सुकतात. शेवाळाचा हिरवा बुळबुळीत थरही उघड्या हवेत कमी झाला. मॉस मात्र वाढतच राहतं आणि बारीक रोपांना झाकून टाकतं, ते चिमट्याने उपटावं लागतं.

पाण्याबाबत तडजोड नको. पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० पीपीएमच्या खाली आहे ना, ते मीटरने बघा. काही आरओ मशीन चवीसाठी खनिजं परत मिसळतात, म्हणून नुसतं आरओ म्हटल्यावर विश्वास ठेवू नका. ट्रेमध्ये बोटाच्या पेराहून कमी पाणी ठेवून कुंड्यांना खालून पाणी द्यायचं. वरून ओतलं की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं.

सगळ्यात चिवट त्रास मातीतल्या बारीक काळ्या माश्यांचा. माशी स्वतः काही करत नाही, पण काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या कोवळी मुळं खातात आणि वरून धडधाकट दिसणारं रोप अचानक मान टाकतं. पिवळ्या चिकट पट्ट्यांनी फक्त उडणाऱ्या माश्या कमी होतात. अळ्यांसाठी बीटीआय नावाचा जिवाणू पाण्यात मिसळून काही आठवडे सलग द्यावा लागला. अधेमधे खंड पडला तर नव्या अंड्यांतून पुन्हा अळ्या निघतात.

फ्लायट्रॅप लावणार असाल तर धीर हवा. त्याचे पहिले सापळे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे, पण कडेचे दाते तेव्हाही स्पष्ट दिसतात! बियांपासून पूर्ण वाढायला त्याला तीन ते पाच वर्षं लागतात, शिवाय थंडीत विश्रांती लागते. ती या संचात मिळत नाही. सारासेनिया या नळीसारख्या पानांच्या कीटकभक्षी रोपाचं बी तर रुजण्याआधीच काही आठवडे ओल्या थंडीत, म्हणजे फ्रीजमध्ये, ठेवावं लागतं. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी ड्रॉसेराच घ्यावा. दिवा आणि टायमर सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या, झाकणाचं काम कुठलाही पारदर्शक डबा करेल.