आठ महिने मायक्रोग्रिडवर: पाण्याची मोटर, ढगाळ आठवडा आणि पुढे पळणारं घड्याळ

आमच्या वस्तीपर्यंत मोठी लाइन आलेलीच नाही. आधी जनरेटर होता, संध्याकाळी तीन-चार तास. गेले आठ महिने ३८ घरं सौर मायक्रोग्रिडवर, म्हणजे वस्तीपुरत्या छोट्या वीजजाळ्यावर आहेत: छपरांवर पॅनल, एका खोलीत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि १५ केव्हीएचा इन्व्हर्टर. दिवे, पंखे, फ्रिज यांबद्दल तक्रार नाही. रात्री दोनला जाग आली तरी पंखा फिरत असतो, याचं मोल जनरेटरवर दिवस काढलेल्यालाच कळेल.

पहिले दोन महिने मात्र लाइट सारखी जायची, तीही नेमकी संध्याकाळी. सगळ्यांचा संशय बॅटरीवर, पण बॅटरी निम्मी भरलेली असायची. शेवटी एका संध्याकाळी मी इन्व्हर्टरच्या खोलीतच थांबले. डिस्प्लेवर साडेपाच किलोवॉट. कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली, आकडा उसळला, इन्व्हर्टर घुमला आणि खट्कन अंधार. मोटर ३ एचपीची, म्हणजे चालताना जेमतेम सव्वादोन किलोवॉट. पण सुरू होताना ती पाच ते सात पट करंट ओढते. मोठ्या ग्रिडमध्ये अवजड जनित्रं फिरत असतात, असा धक्का त्यांच्या जडत्वात मुरतो. इथे तो एकट्या इन्व्हर्टरला सोसावा लागतो. बसवणाऱ्यांनी रोज किती युनिट लागतील एवढंच विचारलं होतं. मोटरचा विषयच काढला नाही, याचा मला अजून राग आहे. आता मोटरला व्हीएफडी, म्हणजे वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह लावलाय, तो वेग हळूहळू वाढवतो, आणि पाणी दुपारीच चढवतो. तेव्हापासून एकदाही ट्रिप नाही.

दिवसाला किती युनिट यापेक्षा एका वेळी किती ओढता, हेच इथे खरं. स्कॉटलंडमधल्या एग बेटावर २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारा ग्रिड आहे. तिथेही घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० अशी मर्यादा आहे. आमच्याकडे घराला अर्धा किलोवॉट. त्यापुढे गेलं की मीटर वीज तोडतो. इस्त्री म्हणून सामायिक खोलीत.

माझं आवडतं शिक्षण घड्याळानं दिलं. प्लगवर चालणारं टेबलावरचं घड्याळ कडक उन्हाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन-तीन मिनिटं पुढे गेलेलं असायचं. बिघाड नव्हता. बॅटरी भरली की मुख्य इन्व्हर्टर मुद्दाम फ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झवरून ५१ च्या आसपास नेतो. छपरांवरचे सोलर इन्व्हर्टर ती वाढ ओळखून उत्पादन आवरतं घेतात. वेगळी तार नाही, इंटरनेट नाही, विजेच्या लाइनमधूनच निरोप जातो. घड्याळ तीच आवर्तनं मोजतं, म्हणून ५१ हर्ट्झला तासाला ७२ सेकंद पुढे सरकतं. ते पळताना दिसलं की मी वॉशिंग मशीन लावते, थंड पाण्यावर. एरवी ती वीज वायाच जाणार.

बिलातला काही भाग नव्या बॅटरीसाठी बाजूला पडतो. त्यावर बैठकीत वाद होतात, पण तो थांबवू नये असं माझं ठाम मत आहे.

पावसात सलग चार दिवस ऊन नव्हतं. बॅटरी उतरत गेली तशी आधी मोटर बंद झाली, मग वर्कशॉप, मग रात्री घरं. क्रम आम्हीच ठरवलेला: आरोग्यकेंद्राचा फ्रिज शेवटी, कारण त्यातल्या लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात. पाचव्या दिवशी ऊन पडलं. दहाच्या सुमाराला घरं जोडली गेली, बाराला मोटर. फ्रिजचा थर्मामीटर चारही दिवस पाचवर होता.