पद्मिनीचा पेट्रोल-काटा: नवा फ्लोट बसवावा की जुनाच दुरुस्त करावा?

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलायला लागला की गॅरेजमध्ये दोनच सल्ले मिळतात. बाजारातून नवा फ्लोट आणून बसवा, नाहीतर टाकीतला जुना काढून दुरुस्त करून घ्या. आमच्या १९८६ च्या गाडीवर मी दोन्ही करून पाहिलं, आधी नवा आणि मग जुना. (फ्लोट म्हणजे इथे अख्खं युनिट: तरंगता डबा, त्याची दांडी आणि दांडी जिच्यावरून सरकते ती तारेची पट्टी.)

खर्च करण्याआधी दोष फ्लोटचाच आहे का, एवढं मात्र पाहा. इग्निशन चालू ठेवून फ्लोटवरची वायर काढा आणि टाकीपासून लांब, गाडीच्या बॉडीला दोन-तीन सेकंदच टेकवा. काटा एका टोकाला जायला हवा आणि वायर मोकळी सोडली की दुसऱ्या टोकाला. तसा गेला तर डॅशबोर्डमधलं मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत. मग फ्लोटच्या बॉडीपासून चेसिसपर्यंत एक जादा अर्थिंगची वायर जोडून बघा. जुन्या गाड्यांत गंज आणि रंगाच्या थरांमुळे टाकीला नीट अर्थिंगच मिळत नाही, आणि कित्येकांचं काम या एका वायरवर भागतं. आमचं भागलं नाही.

नवा फ्लोट बसवायला अर्धा तास लागला. गॅस्केट (टाकीच्या तोंडावरचं रबरी सील) नवं, स्क्रू नवे, दांडीची लांबी टाकीच्या खोलीप्रमाणे कमी-जास्त करता येते. टाकी फुल केली, काटा फुलवर गेला. अर्ध्यापर्यंतही हिशोब बरोबर जुळत होता. पैसे वसूल झाले असंच मला वाटलं.

त्रास पावच्या खाली होता. काटा पाववर यायचा आणि तिथेच बसायचा. पन्नास किलोमीटर गेलो तरी पाव, सत्तर गेलो तरी पाव. वाईला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडीने आचके दिले आणि बंद पडली, तेव्हाही काटा पाववरच होता. मागच्या सीटवर आई होती, दुपारचं ऊन होतं, आणि एका टेम्पोवाल्या दादांनी खाली जाऊन बाटलीभर पेट्रोल आणून दिलं म्हणून निघालो. त्यानंतर कितीतरी दिवस डिकीत कॅन घेऊन हिंडलो. फुल टाकीत काटा थोडा इकडेतिकडे दाखवत असेल तर कोणाचं काही अडत नाही. काटा लागतो तो शेवटच्या पावभर टाकीसाठी, आणि नेमकं तिथेच हे युनिट उपयोगाचं नव्हतं.

कारण साधं आहे. मीटर आणि फ्लोट ही जोडी असते. बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून मिळणाऱ्या फ्लोटची रोधाची (विजेला होणाऱ्या अडथळ्याची) मापं एकसारखी नसतात: कुठे ० ते ९० ओहम, कुठे १० ते १८०, कुठे उलट्या दिशेने २४० वरून ३३ पर्यंत. टाकी रिकामी झाल्यावर तुमच्या मीटरला जेवढे ओहम लागतात तिथपर्यंत नवा फ्लोट पोहोचलाच नाही, तर काटा तळाला कधीच टेकणार नाही. दांडी कितीही वाकवली तरी ही चूक पूर्ण निघत नाही, एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक सरकतं. सगळेच नवे फ्लोट असे असतील असं मी म्हणत नाही. एखाद्याला अगदी जुळणारा मिळालाही असेल.

शेवटी जुना फ्लोट फडक्यात गुंडाळून मीटर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला. त्यांनी आधी पितळी डबा कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खळखळलं. गरम पाण्यात बुडवल्यावर सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. डब्याला भोक पडलं की तो बुडतो आणि काटा कायम रिकामं दाखवतो, आमचं मूळ दुखणं तेच होतं. डबा पूर्ण रिकामा करून, दोन दिवस मोकळ्या हवेत ठेवून, मगच त्यांनी डाग देऊन भोक बुजवलं. ही घाई कोणीही करू नये, आत पेट्रोलची वाफ राहिली तर डाग देताना उष्णतेने भडका उडतो.

मग त्यांनी पत्र्याचं झाकण उघडून मला तारेची पट्टी दाखवली. पाव आणि अर्ध्याच्या मधे, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, तार घासून चकचकीत झाली होती. बाकी पट्टी काळपट. मला एकदम बाबा आठवले. त्यांनी टाकी फुल म्हणून कधी केली नाही, नेहमी दहा लिटर. तीस वर्षं ती दांडी तेवढ्याच पट्ट्यात वरखाली होत राहिली होती. काकांनी नवी तार गुंडाळली नाही. सरकणारी पत्ती अगदी किंचित बाजूला वाकवली, म्हणजे ती न झिजलेल्या रेषेवरून जाईल.

दुरुस्तीचे तोटेही सांगतो. काकांना पंधरा दिवस लागले आणि तेवढे दिवस गाडी उभी होती. अर्ध्याच्या थोडं खाली काटा अजूनही एकदा थरथरतो. असे हात आता थोडेच उरलेत आणि प्रत्येक गावात नाहीत. पैशांत म्हणाल तर निर्णय फिरावा एवढा फरक मला पडला नाही. पण काटा तळाला टेकला की टाकी खरंच संपत आलेली असते, आणि कॅन आता घरी आहे.

गॅस्केट मात्र कोणत्याही पर्यायात जुनं ठेवू नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला मानवत नाही, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवत असल्यामुळे टाकीत गंजही लवकर धरतो. पेट्रोलला टिकणाऱ्या चांगल्या रबराचं गॅस्केट मागून घ्या.

तुमचा जुना फ्लोट कोणी आधीच फेकून दिला असेल तर नवा घेण्यावाचून इलाज नाही. पूर्वी भंगारात गेलेल्या टॅक्सीचा तरी मिळायचा, पण मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. अशा वेळी गाडीच घेऊन दुकानात जा. नवा फ्लोट टाकीत घालण्याआधी बाहेरच वायरला जोडा, फ्लोटच्या बॉडीला अर्थिंग द्या, हाताने दांडी सावकाश खाली आणा आणि एकाला काट्यासमोर बसवा. दांडी तळाला गेल्यावर काटा शेवटच्या रेघेवर आला नाही तर तो फ्लोट तिथेच परत करा. आणि जुना हाती असेल तर तो डब्यात जपून ठेवा, गॅरेजवाल्याने ‘आता याचा काय उपयोग’ म्हटलं तरी.