आरसीसीबी बसवून पावसाळा काढला, आता बोलतो

रात्री कधीतरी खटका पडतो, फ्रीज बंद राहतो आणि सकाळी पातेलंभर दूध नासलेलं हाती येतं. असं झालं की सुरक्षिततेचं कौतुक कुणालाच राहत नाही. ४० अँपिअर, दोन पोल, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की घराची वीज तोडणारा खटका, उन्हाळ्यात बसवला. पाऊस लागेपर्यंत चकार तक्रार नाही. मग चिपळूणचा पाऊस सुरू झाला आणि याचं वेळी-अवेळी पडणंही.

हेल्पलाइनचं एकच पालुपद: "घरातली वायरिंग तपासा." दुकानदार म्हणे, खोका फोडलाय, परत घेणार नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर एक स्टारसुद्धा जड झाला असता. नेहमीच्या वायरमनने तर सरळ तोडगा काढला, "काका, पावसात व्हायचंच हे. डायरेक्ट करून टाकू का?" डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, दिमाखात बसलेला, पण दोन तुकडे वायर लावून बाजूला टाकलेला आरसीसीबी मी आळीत पाहिलाय. पैसे मोजून घेतलेली वस्तू शोभेला ठेवायची नव्हती, म्हणून नाही म्हटलं.

माझा खरा राग एकाच गोष्टीवर आहे, आणि तो अजून गेलेला नाही: हा पडतो, पण कशामुळे ते सांगत नाही. अख्खं घर अंधारात आणि आपण खुर्चीवर चढून अंदाज बांधायचे. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे खटके) खाली करा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी वर करा, ज्याला पडेल तिथे दोष. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे तीही फसली. गच्चीचा एमसीबी खाली असतानाही इस्त्री लावली की कधी पडायचा, कधी नाही.

उत्तर दुसऱ्या वायरमनने दिलं. मेन बंद करून त्याने न्यूट्रल लिंकवरच्या (सगळ्या न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या) तारा एकेक सोडवल्या आणि प्रत्येकीला अर्थिंगच्या विरुद्ध ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचं यंत्र, लावला. सगळ्या ठीक! मग मला मेगर बघायला बसवून तो गच्चीवर गेला आणि दिव्याचा लोखंडी ब्रॅकेट हाताने हलवला. काटा थेट शून्यावर. आत न्यूट्रलचं इन्शुलेशन घासून बोटाच्या पेरभर तांबं उघडं पडलं होतं. वारा सुटला की ते अर्थिंग केलेल्या ब्रॅकेटला टेकायचं. आपले एमसीबी एका पोलचे, ते फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मग इस्त्रीचा किंवा फ्रीजचा परतीचा थोडा करंट ब्रॅकेटमधून जमिनीत जाणार, आणि गेलेला-आलेला करंट जुळला नाही की आरसीसीबी पडणारच. म्हणजे पठ्ठ्या खरं बोलत होता. दुरुस्तीला हातभर वायर आणि एक कनेक्टर लागला.

तेव्हापासून मत बदललंय, पण पूर्ण नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर हा काही करत नाही, त्याला तो साधा लोडच वाटतो. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट हे एमसीबीचं काम, त्यामुळे तो खर्च वाचत नाही. आमचा इन्व्हर्टर आरसीसीबीच्या पुढे जोडलाय, म्हणून लाइट गेली की त्या पॉइंटांपुरतं हे संरक्षण रजेवर. आणि टेस्टचं बटण दाबून पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं मुळीच नाही. ते बटण फक्त यंत्र पडतं का हे बघतं. तरी महिन्यातून एकदा दाबा.

घेताना दर्शनी भागावर ०.०३ ए, म्हणजे ३० मिलीअँपिअर, वाचून घ्या. दुकानदाराने आधी मला १०० मिलीअँपिअरचा पुढे केला होता, "तोच आहे, कमी वेळा पडेल" म्हणत. तो आगीच्या धोक्यासाठी ठीक. माणसाला शॉकपासून वाचवायला ३०च हवा.

पैसे जमले की फ्रीजला वेगळा आरसीबीओ लावणार आहे. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात, किंमत मात्र एका पॉइंटसाठी डोळे पांढरे करणारी. तोवर चार स्टार. पाचवा दुधाच्या हिशेबात कापला.