कडेने शिवायचं की मधोमध?

मुलांसाठी घरी पुस्तक करताना गोष्ट सुचते, चित्रंही होतात आणि सगळी पानं टेबलावर पसरली की मग प्रश्न पडतो, आता हे बांधायचं कसं? खरं तर पहिल्या चित्राआधीच हे ठरायला हवं, कारण चित्र पानावर कुठे बसणार हे शिवण ठरवते. मी माझ्या मुलीसाठी एकच गोष्ट दोनदा बांधली, आधी कडेने शिवून आणि नंतर मधोमध शिवून. आजोळी निघालेली लाल एसटी, घाट, घाटात गाठणारा पाऊस आणि शेवटी दारात उभी आजी, एवढीच ती गोष्ट.

कडेच्या शिवणीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं बरंच आहे. सुटी पानं एकावर एक ठेवायची, डाव्या कडेपासून सेंटिमीटरभर आत टोच्याने भोकं पाडायची आणि दोरा ओवायचा. चार भोकांची जपानी शिवण तर इतकी देखणी दिसते की मुखपृष्ठावर वेगळी नक्षी लागत नाही. कागद कितीही जाड चालतो, पानं अकरा असोत की तेरा, काही अडत नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे एखादं चित्र बिघडलं तर तेवढंच पान बदलता येतं. पावसाचं पान मी तीनदा काढलं आणि शेजारच्या पानांना धक्काही लागला नाही. शाळेतल्या मुलांकडून पुस्तकं करून घ्यायची असतील, प्रत्येकाचं एकेक पान, तर हीच पद्धत बरी, असं मलाही वाटतं.

मधोमध शिवताना मात्र डोकं जास्त लागतं. कागद दुमडून एकात एक घालायचे, त्यामुळे पानं चारच्या पटीतच येतात. १६ पानांच्या पुस्तकात पहिलं आणि सोळावं पान एकाच कागदावर, दुसरं आणि पंधरावं त्याच्याच पाठीवर. जोडीची बेरीज नेहमी १७ येते, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. तरी रद्दी कागदाची डमी करून तिच्यावर पानांचे आकडे घालावेच. आणि हो, एक चित्र बिघडलं की त्या कागदावरच्या आणखी तीन पानांवर पाणी पडतं.

एवढं वाचून कुणीही कडेची शिवण निवडेल. मीही तीच निवडली होती.

घाटाचं चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं. डावीकडे खाली दरी, उजवीकडे वर चढलेला रस्ता आणि बरोबर मधे वळणावर एसटी. शिवून झाल्यावर पुस्तक उघडलं तर एसटीचं तोंड शिवणीत गेलेलं. सेंटिमीटरभर शिवणीखाली, आणि कागद जाड म्हणून आणखी तेवढाच वाकणात. मुलीने पहिला प्रश्न विचारला, ‘ड्रायव्हर कुठंय?’ मग तिने दोन्ही हातांनी पानं ताणून त्याला शोधायला सुरुवात केली. चार दिवसांत त्या पानाचं वरचं भोक फाटलं.

चित्र सरकवून हे टाळता आलं असतं, हे मान्य. पण पुस्तक उघडं राहत नाही त्याला काय करणार? आजी तिला वाचून दाखवायची ती संध्याकाळी, जमिनीवर बसून, गवार मोडता मोडता. पुस्तक मांडीवर ठेवलं की मिटायचं. शेवटी आजीने पानावर वाटी ठेवली आणि पावसाच्या चित्रावर तेलाचा गोल डाग पडला. लहान मुलांचं पुस्तक कुणी दोन्ही हातांत धरून वाचत नाही. एका हाताने मूल सावरायचं असतं, दुसऱ्याचं बोट चित्रावर असतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसऱ्यांदा मधोमध शिवलं. १६ पानांत आठ आणि नऊ ही एकच जोडी अशी की समोरासमोरची दोन पानं म्हणजे सलग एकच कागद. घाट तिथे आणला, गोष्टीतली दोन वाक्यं त्यासाठी मागे सरकवली. आता वळणावरच्या एसटीच्या मधून दोरा जातो, पण ड्रायव्हर दिसतो.

या पद्धतीत खरा घात होतो तो कागदाच्या तंतूंचा. घडी तंतूंच्या दिशेने पडली तर पुस्तक निमूट मिटतं, आडवी पडली तर कणा फुटतो आणि पानं आ वासून राहतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, ज्या बाजूने सहज वाकेल तीच घडीची. प्रिंटरच्या ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे नेहमीसारखी अर्धी घडी नेमकी आडवी पडते. त्यापेक्षा २२ × ३० इंचाचा ड्रॉइंगचा मोठा कागद आणून ११ × साडेसात इंचाचे आठ तुकडे करा, एका कागदात १६ पानांची दोन पुस्तकं होतात. तंतू ३० इंचाच्या बाजूला समांतर असले पाहिजेत, एवढं दुकानातच वाकवून बघा. कागद फार जाड नको आणि घडीवर रंग पातळच लावा, पोस्टर कलरचा जाड थर तिथे तडकतो. ऑइल पेस्टल तर समोरच्या पानावर उमटतात, ते दोन्ही पद्धतींत टाळलेले बरे.

मुखपृष्ठाला मी हातकागद वापरला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. त्याला तंतूंची ठाम दिशा नसते, त्यामुळे घडी कशीही घाला. आतल्या पानांना मात्र मला तो खरखरीत वाटला.

मधोमध शिवायला डिंक-खळ काहीच लागत नाही, हीसुद्धा मला जमेची बाजू वाटते. पुठ्ठ्याचं कव्हर चिकटवायचंच असेल आणि बाइंडरकडून खळ आणणार असाल तर आधी विचारा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, आणि लहान मुलं पुस्तकाचे कोपरे चघळतात.

दोरा गोधडीचा घ्या, उंचीच्या अडीचपट, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला. पाच भोकं. मधल्या भोकातून आतून सुरुवात करा म्हणजे गाठ आतच बसते. मी पहिल्यांदा ती बाहेर ठेवली होती, मुलीने दुसऱ्या दिवशी सोडवली.